पंधरा मण बाभूळ

१९७४ च्या उन्हाळ्यात मी अकरावीची परीक्षा दिली आणि पुढच्याच आठवड्यात वडिलांनी मला लाकडाच्या वखारीत काट्यावर बसवलं. पगार नावापुरता होता. घरात लोळत पडण्यापेक्षा चिठ्ठ्या लिही, एवढाच त्यांचा हेतू. वखार कराडातच, कोयनेकडं जाणाऱ्या रस्त्याला. पुढं पत्र्याची शेड, मागं मोकळं पटांगण, आणि शेडीच्या तुळईला साखळीनं टांगलेला मोठा काटा. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात लाकडं. किलो येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण गिऱ्हाईक मणातच बोलायचं. चाळीस किलोचा एक मण, हा हिशेब सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकला होता.

गॅसची शेगडी तेव्हा पेठांमधल्या मोजक्या घरांत होती. बाकीच्या घरांत चूल, स्टो आणि न्हाणीत तांब्याचा बंब. त्यामुळं वखारीत सकाळपासून माणसांचा राबता असायचा. हॉटेलवाले, बेकरीवाले, लग्नघरचे, आणि अधूनमधून डोक्याला पंचा बांधलेली, कोणाशीच न बोलणारी दोन-तीन माणसं. ती आली की मालक आधी उठून उभे राहायचे. आम्ही मालकांना अण्णा म्हणायचो. त्या गिऱ्हाइकाला काय द्यायचं ते अण्णा स्वतः काढायचे, सगळ्यात जुन्या थप्पीतलं. नदीवर न्यायचं लाकूड ओलं निघालं तर घरच्यांवर काय वेळ येते ते त्यांनी कधीतरी पाहिलं असावं. एका माणसाला साधारण तीनशे किलो लागतं. त्या चिठ्ठीवर आकडा मी लिहायचो, पण काटा कधी नीट बघितलेला आठवत नाही. पारडं जमिनीला टेकलेलंच असायचं.

माल दोन दिशांनी यायचा. कृष्णाकाठच्या सपाटीवरनं, बांधावरची आणि ओढ्याकाठची बाभूळ. पाटणकडनं डोंगरातलं लाकूड: धावडा, ऐन, किंजळ, जांभूळ, क्वचित खैर. मला सुरुवातीला सगळं सारखंच दिसायचं. काळपट, खरबरीत, मुंगळ्यांनी भरलेलं. शिकवलं ते फोडणाऱ्या मामांनी. ते कोणाचे मामा होते ठाऊक नाही, सगळी वखार त्यांना मामा म्हणायची. साठीच्या पुढचे, अंगानं काटकुळे, पण त्यांचा घण पाचरीवर पडला की ओंडका एका रेषेत उलगडायचा. बाभळीचा गाभा आतून जुन्या गुळासारखा तांबूस निघायचा आणि भोवती पिवळट पांढऱ्या लाकडाचं कडं.

“नाव काय विचारतोस पोरा,” ते म्हणायचे, “आधी हातात घे की.”

हातात घ्यायचं म्हणजे काय, ते कळायला महिना गेला. धावडा आणि पांगारा एकाच लांबीचे घेऊन दोन हातांत धरले तर डावा-उजवा खांदा वेगळा होतो. बाभूळ या दोहोंच्या मध्ये, पण धावड्याच्या बाजूला. एवढं कोणीही शिकतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एकाच झाडाच्या दोन ढलप्यांमधला फरक ओळखणं. मामा दोन ढलप्या एकमेकींवर आपटायचे. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, पितळी भांड्याला चमचा लागल्यासारखं. ओलं बदकन वाजतं आणि आवाज तिथंच मरतो. मग टोक बघायचं. वाळताना लाकूड आकसतं, आणि तोंडावर मध्यापासून बाहेर भेगा जातात, उन्हातल्या टाचेसारख्या. भेगा नसतील तर घ्यायचं नाही. भेगा असल्या तरी लगेच खूश व्हायचं नाही, कारण टोक आधी वाळतं आणि पोट मागाहून, आणि साल असलेल्या जाड ओंडक्याचं पोट तर लवकर वाळतच नाही. म्हणून मामा एक तरी ओंडका फोडायला लावायचे आणि आतली बाजू गालाला लावायचे. ओलं लाकूड भर उन्हातही गालाला गार लागतं. हा प्रकार मला तेव्हा नाटकी वाटायचा. आता मीही तेच करतो, आणि नातू हसतात.

झाडाझाडांविषयी मामांची मतं ठाम होती. बाभूळ म्हणजे घरची लक्ष्मी. पेटायला जरा वेळ लावते, पण एकदा पेटली की जाळ थोडा आणि विस्तव फार. तिचा निखारा रात्री राखेत झाकला तर पहाटे फुंकर मारली की डोळे उघडतो. धावडा बाभळीच्याही वर, पण तो फोडणाऱ्याचा जीव घेतो. मामा धावड्याचं सरळ फाटं दिसलं की बाजूला ठेवायचे, कुऱ्हाडीच्या दांड्याला. चिंच जळते उत्तम, पण तिचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले की पाचर आत जाऊन अडकून बसते. चिंचेचा ओंडका आला की मामा आधी तंबाखू मळायला बसायचे. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, राख फार. आंबा चालू माल. निलगिरी तडतडते, ठिणग्या उडवते आणि भाकरीला वास लावते. लिंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो. वड, पिंपळ, उंबर वखारीत घ्यायचे नाहीत, आणि त्यात फक्त देवाधर्माचा भाग नाही, ते लाकूडही हलकंच. शेवगा, पांगारा, सावर यांना मामा लाकूडच म्हणत नसत. “त्यो कागूद हाय,” म्हणायचे.

सुबाभळीचं नाव तेव्हा आमच्या वखारीत कोणी ऐकलेलं नव्हतं. ती पुढं आली, ऐंशीच्या दशकात, बांधाबांधावर. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’नं तिचा मोठा प्रसार केला. चारा आणि सरपण दोन्ही, चार वर्षांत तोडणीला. आहे मेक्सिकोकडची. नावात बाभूळ आहे म्हणून लोक तिला बाभळीच्या भावानं घेतात, हे मात्र मला आजही पटत नाही. भरभर पेटते, छान जळते आणि भरभरच संपते. दुधाला उकळी आणायची तर सुबाभूळ, हरभऱ्याची डाळ शिजवायची तर बाभूळ.

बाभळीचा उत्तम भाग जळणात येतच नाही, हेही तिथंच कळलं. सरळ खोड आधी सुताराकडं जातं. गाडीचं चाक, नांगर, कुळव, जू, सगळं बाभळीचं. रामकाठी बाभूळ सरळसोट वाढते, तिचा वासा होतो. साल कातडं कमवायला. राहिलेली वाकडी खोडं, फांद्या, गाठी आणि बुंधे वखारीत. सुतार तर बाभूळ तोडली की कित्येक महिने विहिरीत नाहीतर ओढ्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे तिला किडा लागत नाही. आमच्या वखारीत ती चैन नव्हती. दोन पावसाळे पडून राहिलेल्या थप्पीत बाभळीचं कडेचं पांढरं लाकूड भुंग्यानं पोखरलेलं असायचं आणि खाली पिठाची रांगोळी पडलेली. गिऱ्हाईक ते पीठ बघून नाक मुरडायचं. मामा म्हणायचे, हेच घ्या, गाभा शाबूत आहे आणि पाणी उडालंय. ऐकायचं कोणी नाही. लोकांना सालीसकट, गोल, ताजं, गुळगुळीत लाकूड आवडायचं. मला वाटतं, जळण विकत घेणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक हीच की तो ते डोळ्यांनी घेतो.

दोन उन्हाळे मी तिथं काढले. पुढं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजात बी. कॉम. केलं, बँकेत लागलो, वखार सुटली. पण लाकडाची खोड सुटली नाही. रस्त्यानं जाताना बाभळीचा ढीग दिसला की सायकल थांबायची. नंतर कधीतरी जळणाच्या झाडांविषयीचे आकडे वाचनात आले आणि मी जरा चक्रावलो. बाभळीच्या गाभ्यातून किलोमागं सुमारे ४,९५० किलोकॅलरी उष्णता मिळते, बाहेरच्या पांढऱ्या लाकडातून ४,८००. सुबाभूळ ४,२०० ते ४,६००. म्हणजे किलोच्या हिशेबानं राजा आणि प्रजा यांच्यात फार अंतर नाही! मग मामांचा कागद आणि लक्ष्मी हा भेद कुठून आला? तो आकारातून आला. घनमीटरभर वाळलेली बाभूळ आठशे किलोच्या घरात जाते, पांगारा तीनशेच्या आसपास. चुलीच्या तोंडात मावतं ते आकारानं, वजनानं नाही. बाभळीच्या एका ढलपीत पांगाऱ्याच्या अडीच ढलप्या दाबून बसवलेल्या असतात, म्हणून तिचा निखारा टिकतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. गाडीभर, ट्रॉलीभर असा सौदा असेल तर झाडाची जात बघावी, जड झाड घ्यावं. काट्यावरचा सौदा असेल तर जातीपेक्षा ओल बघावी. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, उन्हात नीट वाळलेल्यात पंधरा-वीस टक्के. हे मला आकड्यांनिशी माहीत होतं. मामांनी तर गालाला लावून शिकवलं होतं. तरी १९९१ च्या वैशाखात मी फसलो, आणि फसलो ते बाभळीतच.

धाकट्या बहिणीचं लग्न होतं. गाव कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर, कृष्णाकाठी. जेवायला पाचेकशे पान. जळणाचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, कारण घरात मी लाकडातला जाणकार. अण्णांची वखार तोवर बंद झाली होती, मामाही राहिले नव्हते. मी दुसऱ्या एका वखारीत गेलो. तिथल्या माणसानं थप्पी दाखवली. मी जवळ जाऊन साल बघितली, काळपट, उभ्या खोल भेगांची. एका ठिकाणी तुटलेल्या फांदीतून तांबूस गाभा दिसत होता. अस्सल देशी बाभूळ, वेडी बाभूळ नव्हे. टोकांना बारीक भेगाही होत्या. उन्हाळ्याचे दिवस, माल वाळलेलाच असणार. मी पंधरा मणांचा सौदा केला, भाव पाडून घेतल्याबद्दल स्वतःवर खूशही झालो. एकही ओंडका फोडायला लावला नाही. दोन ढलप्या आपटून बघितल्या नाहीत. बाभूळ आहे एवढंच बघितलं. ट्रॉली भरली ती दुसऱ्या दिवशी पहाटे, मी तिथं नव्हतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी परड्यात चर खणून चुलाणं घातली. बुंदी आदल्या दिवशीच पाडायची असते, लाडू वळून रात्री ताटांत रचायचे. आचारी तासगावकडचे, अंगात गंजीफ्रॉक, बोलायला तुटक. त्यांच्या माणसानं तुरकाट्यांवर जाळ धरला, त्यावर माझी बाभूळ रचली. तुरकाट्या ढणढण पेटून गेल्या आणि बाभूळ धुमसत राहिली. पांढरा, जाड धूर मांडवभर झाला. मी वाकून बघितलं तर ओंडक्याच्या मागच्या टोकाला फेस आला होता, सूं सूं असा बारीक आवाज करत बुडबुडे फुटत होते. पाणी उकळत होतं. कढईतल्या तेलाच्या वाट्याची धग लाकडातलं पाणी आटवण्यात जात होती.

आचाऱ्यांनी तरी एक घाणा काढून बघितला. झाऱ्यातून पडलेलं पीठ तेलात वर यायच्या ऐवजी खाली बसलं, मग सुस्तपणे वर आलं, चपटं. त्यांनी चार दाणे चिमटीत धरून दाबले. बोटांवरनं तेल ओघळलं.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “जळण कुणी आणलं?”

मी आणलं म्हणून सांगितलं.

“ह्याच्यावर चहासुदीक हुनार न्हाई.”

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. कोणी म्हणालं चिपाडं आणा. पण गुऱ्हाळं कधीच थंडावली होती, आणि चिपाडाचा जाळ भसकन येतो नि जातो. काहिलीखाली एक माणूस सारखा बसून घालत राहतो म्हणून तिथं चालतं. कोणी म्हणालं शेण्या. शेणीची धग मंद, तिच्यावर दूध आटेल, तेल तापणार नाही. लोहार गाडीच्या चाकाला धाव चढवतात ती शेण्यांच्या आगीत तापवून, पण तिथं घाई नसते. मी ओंडके बारीक फोडायला लावले. फोडल्यावर आतनं पिवळंजर्द, ओलसर लाकूड निघालं. गालाला लावून बघायची गरजच नव्हती, हाताला गार लागत होतं. फाल्गुनातलं तोडलेलं असावं, वर टोकं तेवढी वाळलेली. त्यात ट्रॉली भरण्याआधी पाणीही मारलं असेल, असं चुलत भाऊ म्हणाला. असेलही. मी ते सिद्ध करू शकत नाही, आणि दोष निम्मा तरी माझाच होता.

आबा, माझे थोरले चुलते, तोवर ओसरीवर पाहुण्यांशी बोलत बसले होते. ते उठून परड्यात आले, चुलाणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. नुसतं म्हणाले, “गाडी काढा.”

गोठ्याच्या मागं आमची जुनी बैलगाडी होती. आजोबांनी करून घेतलेली, सगळी बाभळीची. कारखान्याला ऊस टायरच्या गाड्यांनी आणि ट्रॅक्टरनं जायला लागल्यापासून ती तशीच उभी होती. एका चाकाचे दोन आरे मोडलेले, साट्यावर कोंबड्या बसायच्या. तिचं काय करायचं हा विषय घरात अधूनमधून निघायचा आणि आबा तो बाजूला सारायचे.

दोघातिघांनी ती ओढून पुढं आणली. आबांनी स्वतः घण घेतला. पहिला घाव धावेवर बसला, गंजलेली लोखंडी पट्टी दोन-चार घावांत सुटून गरगरत जाऊन भिंतीला टेकली. मग आरे एकेक निघाले. ते फरशीवर पडताना जो आवाज आला तो मी वखारीतसुद्धा ऐकला नव्हता. लाकडाचा वाटेना, पहारीचा वाटावा. मधला तुंबा मात्र फुटेना. पाचर लावली, ती वाकली. शेवटी तो तसाच अख्खा चुलाणाच्या मागच्या बाजूला ठेवला.

त्यानंतर आचाऱ्यांना काही बोलावं लागलं नाही. आऱ्यांच्या फोडलेल्या ढलप्या धूर न करता पेटल्या, जाळ निळसर-पिवळा, कढईच्या बुडाला धरून. बुंदी पडली की टुणकन वर, गोल. संध्याकाळी सात वाजता सुरू झालेलं काम रात्री एकला संपलं. पहाटे मसालेभाताच्या वेळी त्यांनी तुंब्याचा फुललेला निखारा चिमट्यानं फोडून पातेल्याच्या झाकणावर पसरला, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी पंगती उठेपर्यंत तो तुंबा धगधगत होता. साटा, जू, दांड्या सगळं त्या दोन दिवसांत संपलं. आबा मांडवात होते, अक्षता टाकल्या, जेवले, आग्रह केला. परड्यात पुन्हा आले नाहीत. दोन्ही धावा नंतर बरीच वर्षं भिंतीला टेकून होत्या.

आता डोंगरातलं लाकूड वखारीत दिसत नाही. झाडे तोडण्याचा कायदा १९६४ पासून होताच. आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ ही त्याच्या यादीतली झाडं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. ते योग्यच झालं. धावड्याचा दांडा मला आता कुठं मिळत नाही, ही तक्रार होऊ शकत नाही.

पंधरा मण बाभळीतली जेमतेम दोन मण जळली होती. उरलेली घरामागं पत्र्याखाली रचून ठेवली. लग्नानंतरच्या आठवड्यात मी रागाच्या भरात त्यातले बरोबर चाळीस किलो गावच्या दूध डेअरीच्या काट्यावर मोजून काथ्यानं बांधले आणि वेगळे ठेवले. वखारवाल्याच्या तोंडावर पुरावा फेकायचा बेत होता. तो काही झाला नाही. पुढच्या वैशाखात बहीण माहेरपणाला आली तेव्हा ती मोळी मला पत्र्याखाली दिसली. साल सुटून खाली पडली होती. काथ्या इतका सैल झाला होता की मोळी उचलताना दोन ढलप्या निसटल्या आणि टणकन वाजल्या. त्या परत बांधून डेअरीत नेली. काटा साडेतीस किलोवर थांबला. आबा बरोबर होते. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हंजी साडेनऊ किलो पाणी इकत आनलंस?”

मी म्हटलं, मणामागं.

मोळी घरी आणून सोडली, आणि त्यातली दोन लाकडं बंबात घातली. बहिणीला न्हायचं होतं.